जुन्या हॅलोवीनच्या वस्तू जमवायच्या तर आधी मागची बाजू बघा

अमेरिकन घरांत ख्रिसमसचे काचेचे गोळे पिढ्यान्‌पिढ्या कापसात गुंडाळून जपले जातात. हॅलोवीनच्या वस्तूंच्या नशिबी हे लाड कधीच आले नाहीत. ३१ ऑक्टोबरची रात्र सरली की क्रेपच्या, म्हणजे चुणीदार पातळ कागदाच्या माळा, पुठ्ठ्याच्या काळ्या मांजरी आणि कागदी टोप्या सरळ कचऱ्यात जायच्या. कागदाच्या लगद्याच्या कंदिलात खरीखुरी मेणबत्ती लावत. एखादा पेटला तर पेटला, दोन पैशांची वस्तू, कोण हळहळणार? हा माल टाकून देण्यासाठीच बनवलेला होता. त्यामुळे १९२० च्या आसपासचं जे काही आज हाती लागतं ते योगायोगानं वाचलेलं असतं, आणि त्याला भाव येतो तो याच कारणानं.

भाव आला की नकला येतातच. भोपळ्याचं हसरं तोंड नव्यानं छापायला काहीच लागत नाही, शंभर वर्षं जुनी पाठ बनवणं मात्र कठीण. म्हणून वस्तू हातात आली की ती उलटी करायची, हा या छंदातला पहिला नियम. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक त्या एका सवयीभोवतीच फिरतं.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत, त्यातही न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि बोस्टनच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. हा माल तिथेच बनला, तिथल्याच बंदरांत उतरला आणि आजही तिथल्याच माळ्यांवरून खाली येतो. पोरांचे पोशाख शिवता शिवता किंवा अंगण सजवता सजवता ज्यांना ही गोडी लागली, असे आपल्यात बरेच जण आहेत.

आधी थोडा इतिहास, कारण तो खिशाशी जोडलेला आहे

कोणत्या काळात कोणती वस्तू निघाली हे कळायला हॅलोवीन कसा साजरा व्हायचा ते माहीत हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मुख्यतः पार्टीची रात्र होती, मोठ्यांची आणि तरुणांची. घरी पाहुणे बोलवायचे, भविष्य सांगण्याचे खेळ खेळायचे, जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचं कार्ड ठेवायचं. बाहेर पोरं दंगा करायची. कुणाच्या खिडक्यांना साबण फासला जायचा, कुणाची गाडी छपरावर चढवली जायची. हा दंगा आटोक्यात आणायला गावोगावी मिरवणुका आणि सार्वजनिक कार्यक्रम सुरू झाले. मिनेसोटातल्या अनोका गावानं १९२० मध्ये अशी मिरवणूक काढली, आणि ते गाव आजही स्वतःला जगाची हॅलोवीन राजधानी म्हणवून घेतं.

या पार्ट्यांना सामान पुरवणारी पहिली मोठी अमेरिकन कंपनी डेनिसन, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची. क्रेप कागद, चिकटचित्रं आणि टेबलाचे रनर हा तिचा धंदा. घर कसं सजवावं, पोशाख कसे करावेत हे शिकवणारी ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका तिनं १९०९ मध्ये काढली आणि पुढे बरीच वर्षं तिचे अंक येत राहिले. कंपनीच्या दृष्टीनं ती क्रेप कागदाची जाहिरात होती. आता तेच अंक संग्राहकांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात.

जर्मनीहून आला तो उंची माल. लगद्याचे रंगवलेले कंदील, आत खायच्या गोड गोळ्या भरायच्या पोकळ चेटकिणी, खोल उठाव दिलेली पुठ्ठ्याची चित्रं. पहिल्या महायुद्धानं ही आयात तोडली, १९२० च्या दशकात ती पुन्हा जोरात आली आणि १९३० च्या दशकात ओसरली. याच सुमारास पेन्सिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्गच्या बीस्टल कंपनीनं पुठ्ठ्याचे सांधेवाले सापळे आणि मधमाशीच्या पोळ्यासारखा उलगडणारा टिश्यू कागद घेऊन अमेरिकन बाजार काबीज केला.

दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं. ते १९४७ मध्ये उठलं आणि दारोदार जाऊन गोळ्या मागायची प्रथा देशभर पसरली. इथे सगळं बदललं. मोठ्यांची पार्टी मागे पडली, पोरांची झोळी पुढे आली. म्हणून १९५० नंतरच्या मालात नावाची कार्डं जवळजवळ दिसत नाहीत, आणि प्लास्टिकच्या गोळ्यांच्या डब्या, खोक्यातले तयार पोशाख आणि मुखवटे भरपूर दिसतात. एखादा विक्रेता प्लास्टिकच्या चेटकिणीला ‘१९२० ची’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालत बसायची गरज नाही, हसून पुढे चालावं.

पहिली पायरी: फांदी निवडा

सगळंच जमवायला निघालात तर घरात अडगळ होईल आणि हाती चांगलं एकही लागणार नाही. माझ्या मते एका प्रकारापासून सुरुवात करावी, त्यातली किमान वर्षभर नजर तयार करावी आणि मग बाहेर पडावं. कोणता प्रकार घ्यावा याबद्दल माझी ठाम मतं आहेत.

सुरुवात पोस्टकार्डांपासून करा. १९०७ ते १९१५ हा त्यांचा सुवर्णकाळ. छपाई बहुतेक जर्मनीतली, रंग अजूनही टवटवीत. साधी कार्डं पाच ते वीस डॉलरांत मिळतात, जागा लागत नाही, आणि कार्डावर टपालाचा शिक्का असेल तर तारीख आयती. एलन क्लॅपसॅडलनं काढलेली गुबगुबीत पोरं किंवा न्यूयॉर्कच्या जॉन विन्श यांनी छापलेली सॅम्युअल श्मकर यांची नाजूक चेटकीण यांचे भाव बरेच वर जातात. पण ती नजरेखालून घालायला पैसे पडत नाहीत. मागची बाजू इथेही कामाला येते. अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून कार्डाच्या पाठीवर पत्त्याशेजारी मजकूर लिहायला परवानगी मिळाली, म्हणून मधोमध रेघ असलेलं अमेरिकन कार्ड त्याआधीचं नसतं.

दुसरी फांदी पत्र्याच्या आवाजी खेळण्यांची. गोल फिरवायची करकरणारी फिरकी, डफलीसारखी खंजिरी, तव्याच्या आकाराचा ठोक्या, चिमटीत दाबायची टिकटिकी. न्यूअर्कची किर्चहॉफ, ब्रुकलिनची टी. कोन, यू. एस. मेटल टॉय ही नावं पत्र्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली असतात. एडिसन किंवा पिस्कॅटवेला राहत असाल तर किर्चहॉफचा माल अक्षरशः तुमच्या शेजारगावचा आहे. साधारण दहा ते तीस डॉलरांत चांगली फिरकी मिळते आणि ती सहसा मोडत नाही. लाकडी मूठ असेल तर जुनी, प्लास्टिकची मूठ असेल तर नंतरची, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर निघतो.

तिसरी बीस्टलची पुठ्ठाचित्रं. १९५०-६० ची मांजर किंवा सापळा अजून परवडतो. त्याआधीच्या, विशेषतः टिश्यूचं पोट असलेल्या वस्तू महाग. मात्र एक लक्षात ठेवा, ही कंपनी अजून चालू आहे आणि आपले जुने नमुने पुन्हा छापून विकते. त्यात लबाडी काही नाही, पण पुनर्मुद्रण पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून ‘जुनं’ म्हणून विकणारे असतात.

चौथी कंदिलांची. हाच या छंदाचा गाभा आणि इथेच खिसा कापला जातो, म्हणून त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

कठीण प्लास्टिकच्या १९५० च्या डब्या आणि गाड्या हा रंगीत, मजेदार प्रकार आहे. ऱ्होड आयलंडच्या रोझेन आणि रोझब्रो या नावांनी निघालेल्या चाकांवरच्या चेटकिणी आणि भोपळे यांत अग्रभागी. हे प्लास्टिक ठिसूळ असतं, झाडूची काडी किंवा मांजराचा कान तुटलेला असतोच, तेवढं तपासा. बेन कूपर, कॉलेजव्हिल आणि हाल्को यांच्या खोक्यातल्या पोशाखांना आता तिशी-चाळिशीतले लोक गर्दी करतात. खोकं नसेल तर किंमत निम्म्याखाली येते. अंगणात दिवा लावून ठेवायचे पोकळ प्लास्टिकचे मोठे भोपळे आणि भुतं १९६० नंतरची, जागा खातात. मला त्यात रस नाही, पण पोरांना फार आवडतात.

सेल्युलॉइडच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकच्या वस्तू नवशिक्यांनी टाळाव्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरच्या व्हिस्कोलॉइड कंपनीचे इवलेसे खुळखुळे आणि घुबडं देखणी असतात खरी, पण ते रसायन भयंकर ज्वालाग्राही आहे आणि वर्षांगणिक आतून कुजतं. कुजताना निघणारा वायू शेजारच्या वस्तूही खराब करतो.

दुसरी पायरी: हत्यारं

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, अतिनील किरणांची छोटी विजेरी, साधी विजेरी, मोजपट्टी आणि मऊ रंगाचा ब्रश. अतिनील विजेरी घेताना ३६५ नॅनोमीटर लिहिलेली घ्या. स्वस्तातल्या ३९५ वाल्या जांभळा उजेड इतका फेकतात की खालची चमक त्यातच बुडते.

विजेरीमागचं शास्त्र असं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमकणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० पासून सुरू झाली. अंधारात अतिनील उजेड टाकल्यावर जो कागद निळा-पांढरा झगझगतो, तो त्याआधीचा नाही. १९२५ चं म्हणून विकायला ठेवलेलं चित्र मागून झगझगलं की विषय संपला. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. न झगझगणारा कागद आजही मिळतो, आणि बदमाष माणूस जुन्या वहीची कोरी पानंही वापरतो. कपड्यांच्या बाबतीत तर ही चाचणी फसवीच, कारण खराखुरा जुना पोशाख आईनं एकदा साबणाच्या पावडरीत धुतला असेल तरी तो चमकतो.

भिंगाचं काम छपाई बघायचं. जुन्या जर्मन दगडछपाईत रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे, एकावर एक चढलेले दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलांच्या नक्षीसारखे वर्तुळात बसतात. घरी आजीच्या देवघरात रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर तिच्यावर भिंग धरून बघा. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या हातांखाली चालायचा. तंत्र तेच. त्या लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके एकदा डोळ्यांत बसले की हॅलोवीनची चेटकीण खरी की खोटी हे ओळखायला निम्मी मदत होते.

तिसरी पायरी: शिक्के वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका

१८९० च्या मॅकिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं. त्यामुळे नुसतं ‘जर्मनी’ असेल तर माल त्यानंतरचा. ‘पश्चिम जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘व्याप्त जपान’ (ऑक्युपाइड जपान) म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत. अमेरिकन खोक्यावर शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर ते १९४३ ते १९६३ मधलं, पाच आकडी पिनकोड असेल तर १९६३ नंतरचं. बारकोड दिसला तर ते १९७४ च्या आधीचं नाही.

बीस्टलच्या काही मालावर कंपनीच्या नावाऐवजी ‘एच. ई. लुर्स’ असं लिहिलेलं असतं. ते बीस्टल यांच्या जावयाचं नाव. ते वाचून कुणी ‘अनोळखी कंपनी’ म्हणून स्वस्तात विकत असेल तर गप्प राहून पैसे मोजा.

रबरी शिक्का कोणीही बनवून घेऊ शकतो. ‘जर्मनी’ हा शब्द ताज्या जांभळ्या शाईत, नेमका दिसेल अशा जागी आणि जरा जास्तच ठळक असेल तर मी वस्तू खाली ठेवते. खऱ्या मालावर तो शब्द बहुधा बारीक, अर्धवट पुसलेला आणि कोपऱ्यात असतो. कित्येक अस्सल वस्तूंवर तर काहीच नसतं, कारण देशाचं नाव बाहेरच्या खोक्यावर होतं आणि खोकं कधीच गेलं.

चौथी पायरी: कंदील हातात घ्या

जुन्या लगद्याच्या कंदिलाचे ढोबळमानानं दोन प्रकार. जर्मन कंदिलाची भिंत पातळ, वर गुळगुळीत लेप आणि त्यावर हाताचा रंग. अमेरिकन कंदील १९४०-५० चे, अंड्यांच्या खोक्याच्या जातीच्या खरखरीत लगद्याचे, वर फवारलेला नारिंगी. मिलवॉकीच्या पल्प रिप्रॉडक्शन कंपनीनं असे पुष्कळ बनवले. नेहमीच्या हसऱ्या तोंडाचा अमेरिकन कंदील शंभर डॉलरांच्या आसपास मिळू शकतो. जर्मन असेल आणि आकार वेगळा, म्हणजे मांजर, सैतान किंवा कवटी असा असेल, तर किंमत कैक शेकड्यांत सुरू होते आणि हजारांत जाते. म्हणून घाई नको.

कंदील घेतला की आधी चेहरा बघूच नका. तळ बघा. टेबलावर, कट्ट्यावर, जमिनीवर ठेवून ठेवून कडेचा रंग उडालेला हवा आणि उघडा पडलेला लगदा मळकट तपकिरी हवा. रंग उडालाय पण खालचा लगदा स्वच्छ करडा दिसतोय, म्हणजे कोणीतरी सँडपेपर चालवलाय. मग विजेरी आत टाका. अमेरिकन लगद्याच्या आतल्या अंगाला जाळीचा ठसा दिसतो, तो साच्याचा.

आता काजळी. मेणबत्तीची काजळी ज्योतीच्या बरोबर वर धरते. तोंडाच्या वरचा भाग आणि वरच्या भोकाची कडा काळी, खालचा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ, तळाशी मेणाचा एखादा पिवळा थेंब, असं दृश्य हवं. सगळीकडे सारखी काजळी म्हणजे ती बोटानं फासलेली. अजिबात काजळी नसणं वाईट नाही. मेणबत्ती कधीच न लावलेले कंदील वाचण्याची शक्यता उलट जास्त.

डोळ्यांमागे आणि दातांमागे चिकटवलेला छापील पातळ कागद हा कंदिलाचा जीव. तो मूळचा असेल तर पूर्ण किंमत, नसेल तर निम्मी. मूळ कागद ठिसूळ असतो, कडांना तपकिरी होतो, बुबुळांच्या भोवती उष्णतेनं सुरकुततो. मागचा गोंद तपकिरी आणि भेगाळलेला असतो. चमकदार पारदर्शक गोंदाचे थेंब दिसले तर तो गोंदाच्या बंदुकीचा प्रताप. अतिनील उजेड टाका. कागद झगझगला तर तो नवा. अधूनमधून रंगाचे ठिगळ वेगळ्या छटेत दिसले तर तिथे दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे, पण ती सांगितलेली असावी आणि भावात उतरलेली असावी.

शेवटी तारेची कडी. खऱ्या कंदिलात तार जिथे भोकातून जाते तिथे गंजाचा छोटा डाग लगद्यात मुरलेला असतो आणि भोक वरच्या बाजूला ताणून लांबट झालेलं असतं, कारण कंदील लटकून राहिलेला असतो. भोक अगदी गोल आणि तार गंजलेली, असं जुळत नाही.

आणि वास घ्या, लोक बघतात तर बघू देत. जुन्या लगद्याला धूळ आणि माळ्याचा कोंदट वास येतो. चहा, कॉफी किंवा व्हार्निशचा वास आला तर वय कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चढवलेलं आहे.

पाचवी पायरी: शोधायचं कुठे

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार पायाखाली घातलेल्या माणसाला इथे शिकवण्यासारखं थोडंच आहे. पहाटे जायचं, रोख न्यायची, आवडलेल्या वस्तूकडे फार वेळ बघायचं नाही.

न्यू जर्सीत लॅम्बर्टव्हिलचा गोल्डन नगेट बाजार बुधवारी, शनिवारी आणि रविवारी भरतो. पेन्सिल्व्हेनियात ॲडम्सटाउनला रविवारी रेनिंगर्स असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्डची जत्रा मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, १९५९ पासून. तिथे मैदानामागून मैदानं पसरलेली असतात, एका दिवसात पुरं होत नाही. कॅलिफोर्नियावाल्यांना पासाडेनाचं रोझ बोल, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.

पण खरा माल घरविक्रीत मिळतो. एखादी म्हातारी गेली किंवा वृद्धाश्रमात गेली की घरातलं सगळं सामान दोन दिवसांत विकायला काढतात. बहुतेक गिऱ्हाईक चांदी आणि फर्निचरकडे धावतं. तुम्ही तळघरात जा, ख्रिसमस लिहिलेली खोकी उघडा, कारण हॅलोवीनचं जे चुकून वाचलं ते त्यांच्याच तळाशी. निवृत्त शिक्षिकेचं घर असेल तर आवर्जून जा. पुठ्ठ्याची चित्रं वर्गाच्या फळ्यावर लावली जायची आणि दरवर्षी वापरायची म्हणून पाकिटात जपली जायची. त्यांना कोपऱ्यात टाचणीची भोकं असतात. मला अशी भोकं आवडतात, ती वस्तूचा वापर झाल्याचा पुरावा देतात आणि किमतीत फारसा फरक पाडत नाहीत. चिकटपट्टीचे पिवळे डाग मात्र पाडतात.

घासाघीस करताना एकेका वस्तूचा भाव विचारू नका. चार वस्तू बाजूला काढा आणि ‘सगळ्याचे मिळून किती?’ एवढंच विचारा. हवी असलेली वस्तू त्या चारांत तिसरी ठेवावी.

सहावी पायरी: ऑनलाइन घेताना

ईबेवर मागितलेल्या किमतींना काही अर्थ नसतो, कुणीही काहीही मागतो. शोधाच्या गाळणीत ‘विकलेल्या वस्तू’ निवडा आणि प्रत्यक्षात किती पडले ते बघा. मोठ्या वस्तूंसाठी पेन्सिल्व्हेनियातल्या मॉर्फीसारख्या लिलावगृहांचे जुने निकालही बघता येतात. लिलावाच्या बोलीवर गिऱ्हाइकाकडून वेगळं शुल्क घेतात, ते आधीच धरून चला.

विक्रेत्याकडे पाठीचा फोटो मागा. कंदील असेल तर आतला, तळाचा आणि विजेरी आत लावून काढलेलाही. सांध्यांचा सापळा असेल तर प्रत्येक सांध्याच्या धातूच्या खिळ्याचा जवळून. टिश्यूचं पोट असेल तर पूर्ण उघडून. ‘जुन्या धर्तीचं’ आणि ‘जुनं’ या शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मथळ्यात कोणता वापरलाय ते वाचा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पाठवताना पुठ्ठाचित्र दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणि कंदील दुहेरी खोक्यात पाठवायला सांगा. पोकळ कंदिलाच्या आत कागद कोंबू नका असंही सांगा, डोळ्यांचे कागद आतूनच फाटतात.

सातवी पायरी: स्वच्छ करणं, म्हणजे बहुतेक वेळा न करणं

क्रेप कागदाला पाण्याचा थेंबही चालत नाही, नारिंगी रंग तत्काळ पसरतो आणि कागदाच्या चुण्या निघून जातात. त्यावर इस्त्रीही फिरवायची नाही. लगद्याच्या वस्तूंना ओलं फडकं लावलं तर लेप सुटतो. दोन्हींना कोरडा मऊ ब्रश, बस्स. पत्र्यावरची धूळ किंचित ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरडी करता येते, पण घासून चकाकी आणायच्या फंदात पडू नका, छापील रंग निघून येईल. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ती फिरकी पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा. कठीण प्लास्टिकला स्पिरिट किंवा नखांचं रिमूव्हर लावलं तर ते धुरकटतं, कधी विरघळतंही.

मधमाशीच्या पोळ्यासारखा टिश्यू थंडीच्या कोरड्या हवेत उघडू नका. अंघोळीच्या वेळी न्हाणीघराच्या दाराबाहेर थोडा वेळ ठेवला की तो जरा मवाळ होतो, मग दोन्ही कडा धरून सावकाश उलगडा. कडेवर ताण जाणवला की थांबायचं.

फाटकं चिकटपट्टीनं जोडू नका. लॅमिनेट तर मुळीच नको, प्लास्टिकमध्ये कायमची बंद केलेली वस्तू संग्राहकाच्या लेखी मेलेली. महागाच्या वस्तूची दुरुस्ती कागद-संवर्धकाकडून करून घ्यावी.

आठवी पायरी: ठेवायचं कसं

माळा आणि तळघर या दोन जागा सोडून कुठेही. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी, तळघरात ओल. राहत्या घराचं कपाट सगळ्यात बरं. हवेतला ओलावा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा, साधा मापक काही डॉलरांत मिळतो. कागदी वस्तू आम्लरहित खोक्यात आणि पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा, ती कागदाला चिकटतात. कंदील एकमेकांत खुपसून रचू नका. सेल्युलॉइड असेलच तर वेगळ्या, हवेशीर खोक्यात, उष्णतेपासून दूर.

मांडताना ऊन आणि फ्लुरोसंट दिवा दोन्ही नकोत. नारिंगी रंग सगळ्यात आधी मरतो. कंदिलात मेणबत्ती लावायची इच्छा होईल, पण शंभर वर्षं वाचलेला कागद पाच मिनिटांत जातो. बॅटरीवरचा छोटा, गरम न होणारा दिवा पुरतो.

संग्रह घेऊन मुंबई-कोकणात परतणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. कसर आणि बुरशी यांना जुना लगदा आणि गोंद फार प्रिय. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघणं, एवढं तरी लागेलच. सेल्युलॉइड मात्र तिथे नेऊच नका.

नोंदवही

कंटाळवाणं वाटेल, पण करा. प्रत्येक वस्तूचा पुढचा-मागचा फोटो, माप, कुठून घेतली, किती दिले, काय दुरुस्ती आहे. घरविक्रीत घेतली असेल तर घर कुठल्या गावातलं आणि वस्तू कोणत्या खोक्यात होती तेही. पुढे विकायची वेळ आली किंवा विमा काढायचा झाला तर हीच वही कामी येते. वस्तूवर पेनानं काही लिहू नका, पाकिटावर पेन्सिलीनं लिहा.

खरेदीचा हंगाम

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत भाव चढलेले असतात, कारण सजावटीसाठी घेणारी हौशी मंडळी तेव्हाच बाजारात उतरतात. या काळात बघा, शिका आणि तुमच्याकडे दुबार झालेल्या वस्तू विका. घ्यायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आपली दिवाळी आणि त्यांचा ख्रिसमस या गडबडीत भोपळ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि विक्रेत्याला ते खोकं आणखी आठ-दहा महिने सांभाळायचं नसतं.